अडकणारं मॅगझिन: दोष शोधायचा कसा?

रायफल अडकली की पहिला संशय रायफलवर जातो. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा पुढे-मागे सरकणारा भाग, पुसला जातो, तेल बदललं जातं, काडतुसांचा दुसरा डबा उघडला जातो. काडतुसं भरून रायफलीत लावायच्या मॅगझिनकडे शेवटी लक्ष जातं, कारण दिसायला तो एक साधा डबा आहे: खालून बंद, वरून उघडा, आत एक स्प्रिंग. पण सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत काडतूस पोचवण्याचं निम्मं काम हा डबाच करतो. मॅगझिन दुसऱ्याच कुणी बनवलेलं, म्हणजे आफ्टरमार्केट असेल, तर माझ्या मते तपासाची सुरुवात तिथूनच करावी. कारण साधं आहे. मॅगझिन बदलून पाहायला पाच सेकंद लागतात आणि एकही स्क्रू उघडावा लागत नाही.

आधी सुरक्षिततेबद्दल, आणि हे मी वरवर म्हणत नाही. अडकलेली रायफल म्हणजे भरलेली रायफल. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर, मग मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून रोखायचा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी पाहायचं. अर्धवट आत गेलेल्या काडतुसावर बोल्ट जोर लावून ढकलू नये. गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, मागे सरकली तर आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढू शकतो. चेंबरमध्ये एक जिवंत काडतूस असताना दुसऱ्याचं टोकदार नाक त्याच्या प्राइमरवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, जोरात आपटणंही तितकंच वाईट. जाममधून निघालेलं चेपलेलं काडतूस पुन्हा मॅगझिनमध्ये भरायचं नाही. घरी तपासणी करायची तर फक्त डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं, वापरायचे, आणि खरी काडतुसं त्या खोलीतही नकोत.

सेकंदाच्या पंधराव्या भागातली शर्यत

मॅगझिन पाच गोष्टींचं बनतं. बाहेरची बॉडी, वर आत वळलेल्या दोन कडा, म्हणजे फीड लिप्स, काडतुसांना खालून उचलणारा फॉलोअर, त्याच्याखाली स्प्रिंग, आणि तळाची बेसप्लेट. बॉडीवर एक खाच किंवा उंचवटा असतो. रायफलीचा मॅगझिन कॅच त्यात अडकतो आणि मॅगझिनची उंची ठरते. ही उंची महत्त्वाची आहे, पुढे पुन्हा येईल.

आता वेळेचा हिशेब पाहू. अमेरिकन सैन्याची एम-१६ रायफल पूर्ण स्वयंचलित चालवली तर मिनिटाला साधारण ७०० ते ९०० राउंड झाडते. म्हणजे बोल्टची एक पूर्ण फेरी, मागे जाणं आणि पुढे येणं, सेकंदाच्या बाराव्या ते पंधराव्या भागात संपते. तिच्याच धर्तीच्या, सामान्य ग्राहकांसाठीच्या सेमी-ऑटोमॅटिक एआर-१५ मध्ये प्रत्येक गोळीला ट्रिगर नव्याने दाबावा लागतो, पण बोल्टचा वेग जवळपास तोच असतो. त्या फेरीतही मॅगझिनला सगळा वेळ मिळत नाही. बोल्ट काडतुसाच्या मागे सरकलेला असतो तेवढ्याच क्षणात स्प्रिंगने पूर्ण चळत वर उचलून पुढचं काडतूस फीड लिप्सला टेकवायचं असतं. ते टेकलं नाही तर बोल्ट त्याच्या वरून निघून जातो किंवा त्याच्या पोटात घुसतो.

या रायफलींचं ५.५६ × ४५ मिमीचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं असतं. तीसच्या मॅगझिनमधून पहिलं निघालं की उरलेल्या २९ काडतुसांचं सुमारे ३५० ग्रॅम वजन स्प्रिंगला झटक्यात हलवायचं असतं. शिवाय काडतुसं दोन ओळींत, एकमेकांत गुंतून बसलेली असतात. ती भिंतींना आणि एकमेकांना घासत वर येतात. शेवटच्या दोन-तीन काडतुसांना वजन जवळजवळ नसतंच, पण तोवर स्प्रिंग पसरलेली असते. शाळेत शिकलेला हूकचा नियम इथे लागतो: स्प्रिंग जितकी कमी दाबलेली, तितका तिचा जोर कमी.

म्हणून रायफल कितव्या काडतुसाला अडकते हे मोजणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. पहिल्या दोन-तीन काडतुसांत अडकत असेल, तर संशय घर्षणावर किंवा ठासून भरण्यावर. शेवटच्या काडतुसांत अडकत असेल, तर स्प्रिंग मेलेली, आखूड किंवा उलटी बसवलेली असण्याची शक्यता मोठी. दर वेळी मधल्याच एका ठिकाणी अडकत असेल, तर बॉडीत काहीतरी आहे. माझ्याकडे एक मॅगझिन होतं, ते जवळपास दर वेळी अकराव्या-बाराव्या राउंडला दगा द्यायचं. स्प्रिंग बदलली, फॉलोअर बदलला, फरक पडला नाही. शेवटी मोकळ्या बॉडीत टॉर्च मारून पाहिलं, तर आतल्या भिंतीवर वेल्डिंगचा मोहरीएवढा थेंब होता. फॉलोअर बरोबर तिथे येऊन क्षणभर थबकायचा.

नक्कल का फसते?

लोक विचारतात, समोर ओरिजिनल मॅगझिन ठेवून हुबेहूब दुसरं बनवायला काय कठीण आहे? अडचण हुबेहूब या शब्दातच आहे.

मूळ कारखान्याकडे ड्रॉइंग असतं. त्यात प्रत्येक मापासोबत, ते किती कमी-जास्त चालेल हेही लिहिलेलं असतं. त्यालाच टॉलरन्स म्हणतात. नक्कल करणाऱ्याकडे बहुतेक वेळा ड्रॉइंग नसतं, दोन-चार नमुने असतात. समजा त्याच्या हातातला नमुना चालणाऱ्या मापांच्या एका टोकाला होता. तो त्यालाच मधलं माप मानतो आणि स्वतःच्या यंत्रांची चूक त्यावर चढवतो. मग काही मॅगझिन्स हद्दीच्या बाहेर जातात. रायफलींचंही तसंच असतं. कुणाचा मॅगझिन कॅच किंचित वर, कुणाचा किंचित खाली. त्यामुळे एकाच आफ्टरमार्केट मॅगझिनबद्दल एक माणूस म्हणतो माझं कधी अडकलं नाही आणि दुसरा म्हणतो एक डबा धड संपला नाही. दोघंही खरं बोलत असतात.

दुसरी गोष्ट अशी की काडतुसांची आणि चेंबरची मापं ठरवणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेत १९२६ साली स्थापन झालेली सामी आहे, युरोपात सीआयपी आहे. ५.५६ च्या काडतुसाची पूर्ण लांबी जास्तीत जास्त ५७.४ मिमी असावी हे ठरलेलं आहे. मॅगझिनसाठी असं सर्वांना बांधणारं बंधन नाही. एम-१६ धर्तीच्या मॅगझिनला लोक सर्रास स्टॅनॅग, म्हणजे नाटोच्या प्रमाणाचं, म्हणतात, पण नाटोचा तो मसुदा, ४१७९ क्रमांकाचा, १९८० मध्ये मांडला गेला आणि कधी मंजूर झाला नाही. पाकिटावर स्टॅनॅग छापलेलं असलं तरी त्या शब्दाला प्रमाणपत्राची किंमत नाही.

तिसरं कारण भूमितीचं आहे. काडतूस बुडाशी जाड आणि पुढे बारीक असतं, म्हणून एकावर एक रचली की चळत आपोआप वाकते. ७.६२ × ३९ चं काडतूस जास्त निमुळतं, म्हणून एके-४७ चं मॅगझिन केळ्यासारखं. ५.५६ चं काडतूस कमी निमुळतं, बुडाशी साधारण ९.६ मिमी आणि खांद्याशी ९ मिमी. वीसच्या मॅगझिनला सरळ बॉडी पुरली. तीसचं करायला गेल्यावर वाकणं टळेना. पण एम-१६ ची मॅगझिन बसण्याची जागा सरळ आहे, त्यामुळे मॅगझिन वर सरळ आणि खाली वाकडं झालं. फॉलोअरला आता एका वळणावरून जावं लागतं, आणि तिथेच तो पुढे झुकतो. अमेरिकन सैन्याने या एका प्लास्टिकच्या तुकड्यावर बरीच वर्षं घालवली. काळा फॉलोअर गेला, हिरवा आला, आणि २००९ मध्ये न झुकणारा खाकी फॉलोअर आणि सुधारलेली स्प्रिंग आली. एवढा मोठा ग्राहक असूनही एवढा वेळ लागला. मग स्वस्तातल्या नकलेत हे वळण नीट जमलेलं नसेल तर नवल वाटायला नको.

याचा अर्थ आफ्टरमार्केट सगळंच वाईट, असा घेऊ नका. मॅगपुल कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये तिने पॉलिमरचं, म्हणजे मजबूत प्लास्टिकचं, पीमॅग आणलं. ते आफ्टरमार्केटच होतं. २०१६ च्या अखेरीस अमेरिकेच्या मरीन कोअरने त्याच्या नव्या आवृत्तीला मान्यता दिली. त्यांनी वळण, फॉलोअर आणि स्प्रिंग नव्याने आखली, जुना नमुना मोजून छापला नाही.

उलट टोकाचं उदाहरण म्हणून मिनी-१४ पाहण्यासारखी आहे. रुगरची ही रायफल १९७३ पासूनची. तिचं मॅगझिन सरळ वर ढकलून बसत नाही. आधी पुढचा भाग अडकवायचा आणि मग मागचा भाग झुलवत वर आणायचा, कॅच लागेपर्यंत. पुढे अडकण्यासाठी मॅगझिनच्या भिंतीत एक भोक असतं आणि रायफलीतली एक पिन त्यात बसते. ते भोक किंचित मोठं किंवा किंचित खाली पाडलेलं असेल, तर काडतुसांचं नाक खाली राहतं आणि गोळी रॅम्पच्या, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उताराच्या, खाली आपटते. कंपनीने बरीच वर्षं मोठ्या क्षमतेची ओरिजिनल मॅगझिन्स सामान्य ग्राहकांना विकलीच नाहीत. त्यात अमेरिकेत सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ या काळात दहापेक्षा जास्त क्षमतेच्या नव्या मॅगझिन्सवर केंद्रीय बंदी होती. बाजार नकलांनी भरला आणि मिनी-१४ कडे अडकणारी रायफल म्हणून पाहिलं जाऊ लागलं. त्यातला मोठा वाटा त्या भोकाचा होता असं मला वाटतं, रायफल बिचारी फुकट बदनाम झाली.

जामच बोलतो, फक्त पाहायला हवं

रायफल अडकली की आपला हात आपोआप बोल्ट खेचायला जातो. तो आवरायचा. नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी आत काय दिसतंय ते पाहायचं. रेंजवर परवानगी असेल तर फोटो काढून ठेवला तर फार बरं. जामचं चित्र एकदा विस्कटलं की पुरावा गेला.

बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद झालाय आणि मॅगझिनमध्ये काडतुसं आहेत, असं दिसलं तर दोनच शक्यता मोठ्या आहेत. एक, मॅगझिन पुरतं वर बसलेलंच नव्हतं. दोन, चळत वेळेत वर आली नाही. पहिली शक्यता तपासायला मॅगझिन लावल्यावर खाली ओढून पाहायची सवय लावा. पूर्ण भरलेलं तीसचं मॅगझिन बंद बोल्टखाली बसवताना सगळी चळत आणखी खाली दाबावी लागते. पुष्कळदा मॅगझिन लागल्यासारखं वाटतं, पण कॅच लागलेला नसतो. म्हणूनच अनेक सैनिक तीसच्या मॅगझिनमध्ये २८ आणि वीसच्यात १८ भरत आले. एवढ्यानेच तक्रार मिटली तर मॅगझिन उघडायचीही गरज नाही.

काडतूस अर्धं वर आलंय आणि बोल्टची कड केसच्या मधल्या भागावर रुतली आहे, केसवर आडवा चट्टा पडलाय: ही चळत उशिरा पोचल्याची खूण. स्प्रिंग कमजोर, आत धूळ-माती, किंवा फॉलोअर वाकडा होऊन अडकलेला. पण इथे एक सावधगिरी हवी. हेच चित्र बोल्ट पुरता मागे न गेल्यानेही दिसतं, आणि तो दोष बोल्टला मागे ढकलणाऱ्या गॅसचा, म्हणजे रायफलीचा किंवा काडतुसांचा. फरक ओळखायला चांगलं ओरिजिनल मॅगझिन घ्या, त्यात एकच राउंड भरा आणि झाडा. बोल्ट दर वेळी मागे थांबत असेल तर तो पूर्ण मागे जातोय, मॅगझिनकडे वळायला हरकत नाही. ओरिजिनल मॅगझिननेही थांबत नसेल आणि रिकामी केस मरगळल्यासारखी जवळच पडत असेल, तर मॅगझिनला उगाच दोष देऊ नका.

नाक खाली गेलेलं दिसलं, म्हणजे गोळीचं टोक मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर किंवा रॅम्पच्या खाली रुतलेलं, तर फॉलोअर पुढे झुकतोय. रिकाम्या मॅगझिनमध्ये फॉलोअरचा पुढचा भाग बोटाने दाबून पाहा. तो सहज खाली जाऊन तिथेच तिरका अडकत असेल, तर उत्तर हातात आलं. नुकतंच सफाईसाठी उघडलं असेल तर स्प्रिंग उलटी गेली आहे का तेही बघा. बहुतेक मॅगझिन्समध्ये स्प्रिंगचं वरचं वेटोळं फॉलोअरच्या पुढच्या भागाला आधार देतं. ती फिरवून बसवली की तो आधार मागे जातो. ही चूक इतकी सहज होते की उघडण्यापूर्वी फोटो काढणं मी सक्तीचं मानतो.

नाक वर गेलेलं, गोळी चेंबरच्या वरच्या कडेला टेकलेली, तर फीड लिप्स पसरलेल्या असाव्यात. लिप्सनी काडतूस किती पुढे जाईपर्यंत धरायचं आणि कधी सोडायचं हे त्यांच्या अंतरावर ठरतं. अंतर जास्त झालं की काडतूस लवकर सुटतं आणि मन मानेल तिकडे उडतं. आणखी पसरल्या तर एकाऐवजी दोन सुटतात, यालाच डबल फीड म्हणतात. पण डबल फीड म्हणण्याआधी चेंबरमधलं काडतूस जिवंत आहे की झाडलेली केस आहे ते पाहा. झाडलेली केस असेल तर एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे केस ओढून काढणाऱ्या बोल्टवरच्या आकड्याने, तिला बाहेर काढलंच नाही आणि मागून नवं काडतूस आलं. दोन्ही चित्रं लांबून सारखी दिसतात, पण दुसऱ्यात मॅगझिनने आपलं काम चोख केलेलं असतं. हा घोटाळा मी फार वेळा पाहिलाय. लोक मॅगझिन्स बदलत राहतात आणि एक्स्ट्रॅक्टरची झिजलेली स्प्रिंग तशीच राहते.

शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबत नसेल, तर फॉलोअरचा मागचा उंचवटा बोल्ट कॅचला पुरेशा जोराने उचलत नाहीये. कधी फॉलोअर झिजलेला असतो, कधी स्प्रिंग मेलेली, कधी मॅगझिनच खाली लटकत असतं. काही रायफलींत ही सोयच नसते, तेव्हा आधी आपल्या रायफलीचं मॅन्युअल वाचा. आणि मॅगझिन सोडलं तरी खाली पडत नसेल, पण रिकामं असताना पडत असेल, तर भरल्यावर बॉडी फुगते आहे. पातळ, कमी प्रतीच्या पॉलिमरमध्ये हे होतं आणि त्यावर इलाज नाही.

उंचीबद्दल म्हटलं होतं. एआर-१५ मध्ये मॅगझिन कॅच त्याच्या बटणात फिरवून बसवलेला असतो आणि कॅचचं टोक बटणाच्या पृष्ठभागाशी साधारण सपाट असावं लागतं. तो कमी फिरवला असेल तर मॅगझिन अपुरं पकडलं जातं आणि सगळीच मॅगझिन्स खराब वाटतात. उलट दिशेलाही चूक होते. बोल्ट मागे रोखलेला असताना हलक्या प्रतीचं मॅगझिन जोरात ठोकलं तर ते गरजेपेक्षा वर जाऊन लिप्स आतल्या भागांवर आपटू शकतात. सिनेमात दिसतं तसं तळहाताने ठोकायची काही गरज नसते.

जुन्या एम-१ कार्बाईनची गोष्ट उंचीचं महत्त्व छान दाखवते. ती पंधराच्या मॅगझिनसाठी बनली. नंतर तीसचं आलं, तेव्हा जास्तीचं वजन पेलायला मॅगझिनवर आणखी एक उंचवटा दिला गेला आणि त्याला आधार देणारा नवा कॅच बनवला गेला. जुन्या कॅचवर तीसचं मॅगझिन लावलं तर ते भरलेलं असताना किंचित झुकतं आणि अडकायला लागतं. इथे मॅगझिनही ठीक आणि रायफलही ठीक, फक्त जोडी जमत नाही.

.२२ च्या रायफली वेगळ्या. .२२ लाँग रायफल काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे राहिली की दोघं एकमेकांत अडकतात आणि बोल्ट कितीही ढकलो, वरचं निघत नाही. १९६४ मध्ये आलेल्या रुगर १०/२२ चं दहाचं मॅगझिन फिरत्या चक्राचं आहे. त्यात प्रत्येक काडतूस आपल्या खोबणीत वेगळं बसतं, म्हणून हा त्रास जवळजवळ होत नाही. पंचवीसची लांब आफ्टरमार्केट मॅगझिन्स वापरायची तर भरताना प्रत्येक काडतुसाची कड पाहत, सावकाश भरावं लागतं.

तपास कसा करायचा

सगळ्यात आधी मॅगझिन्सना नंबर द्या. बेसप्लेटवर पेंट मार्करने १, २, ३. "ते काळं मधलं बहुतेक अडकतं" यावर काहीच ठरवता येत नाही. मग एक वही करा: मॅगझिनचा नंबर, कितवा राउंड, जामचं चित्र, कोणती काडतुसं. रायफल साफ आणि तेल दिलेली असू द्या, काडतुसं एकाच डब्यातली असू द्या, आणि एक विश्वासाचं ओरिजिनल मॅगझिन सोबत ठेवा. त्याशिवाय तुलना कशाशी करणार? एका वेळी एकच गोष्ट बदला. दोष मॅगझिनसोबत फिरतो का रायफलीसोबत, हा एकच प्रश्न पहिल्या दिवशी सोडवायचा आहे. शक्य असेल तर तेच मॅगझिन ओळखीच्या दुसऱ्या रायफलीत लावून पाहा.

किती राउंड झाडले म्हणजे मॅगझिन चांगलं म्हणायचं? इथे आपलं मन फार लवकर समाधान पावतं. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट सलग काही वेळा करून एकदाही चूक झाली नाही, तर तीनला त्या संख्येने भागा. खरा दोष जास्तीत जास्त तेवढा असेल असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. म्हणजे ३० राउंडचं एक मॅगझिन विनातक्रार संपलं, तरी दोष दहात एक असण्याची शक्यता उरते. १०० राउंड झाले तर तीन टक्के, ३०० झाले तर एक टक्का. नवं मॅगझिन एकदा रिकामं करून "मस्त चालतं" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. उलट बाजू मात्र सोपी आहे. त्याच मॅगझिनने तीनदा त्याच पद्धतीने दगा दिला आणि ओरिजिनलने एकदाही नाही, तर आणखी काडतुसं वाया घालवू नका.

घरी, डमी राउंड भरून, लिप्समधलं अंतर पुढे आणि मागे डिजिटल कॅलिपरने मोजा आणि ओरिजिनलशी ताडून पाहा. रिकामंही मोजा. भरल्यावर अंतर डोळ्यांत भरण्याइतकं वाढत असेल तर पुढे पाहायची गरज नाही. लिप्सच्या मुळाशी केसासारखी भेग आहे का ते भिंगाने बघा. डमी राउंडनी बोल्ट चालवताना तो हाताने सावकाश पुढे नेऊ नका. पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या. सावकाश नेलेल्या बोल्टला चळत आरामात पोचते, त्यातून खऱ्या वेगाबद्दल काही कळत नाही.

मॅगझिन उघडताना डोळ्यांवर चष्मा आणि स्प्रिंगवर अंगठा. दाबलेली स्प्रिंग बेसप्लेट सुटताच उसळते. आतून कोरड्या कापडाने पुसा, ब्रश फिरवा, आणि आत तेल ओतू नका. तेलाला धूळ चिकटते, आणि ते प्राइमरपर्यंत पोचलं तर काडतूस फुसकं निघू शकतं. स्टीलच्या बॉडीला गंज नको म्हणून बोटावरचं अगदी हलकं तेल पुरतं.

स्प्रिंगबद्दल एक समज पक्का रुजलाय की भरून ठेवलं की ती मरते. चांगल्या तारेची, नीट प्रक्रिया केलेली स्प्रिंग तिच्या हद्दीत दाबून ठेवली तर फारसं काही होत नाही. ती थकते ती वारंवार दाबल्या-सोडल्याने, आणि हद्दीपलीकडे दाबल्याने, उदाहरणार्थ तीसच्या मॅगझिनमध्ये एकतिसावं कोंबल्याने. स्वस्त स्प्रिंगचा प्रश्न वेगळा आहे. ती पहिल्या काही दिवसांतच आखडते आणि आखडतच राहते. नवी स्प्रिंग मोकळी असताना तिची लांबी लिहून ठेवा. थोडी आखूड होऊन थांबली तर ठीक. दर महिन्याला आखूड होत असेल तर बदला.

काय दुरुस्त करायचं, काय सोडून द्यायचं

स्प्रिंग आणि फॉलोअर बदलण्यात अर्थ आहे, कारण ते सुटे मिळतात आणि बऱ्याच सामान्य मॅगझिन्सचं आयुष्य त्यांनी वाढतं. आतला खडबडीतपणा बारीक पॉलिश पेपरने घालवायलाही हरकत नाही. फीड लिप्स पक्कडीने वाकवण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: करू नका. पॉलिमरच्या लिप्स वाकतच नाहीत, तुटतात. ॲल्युमिनियमला वाकवलं की भेग पडते, लगेच नाही तर नंतर. स्टीलच्या लिप्स जाणकार कारागीर योग्य गेजवर आणू शकतो, पण धातूला उष्णतेने कडकपणा दिलेला असतो आणि हौशी हाताने वाकवलेली लिप काही काळाने परत पसरते.

आणि एक गोष्ट तर कधीच करू नका. मॅगझिन बसत नाही म्हणून रायफलीवर कानस चालवू नका. मॅगझिनचा कॅच, मॅगझिन वेलची, म्हणजे मॅगझिन बसण्याच्या जागेची, कड किंवा मिनी-१४ ची ती पुढची पिन घासली, तर आतापर्यंत नीट चालणारी ओरिजिनल मॅगझिन्सही बिघडतील. रायफल महागाची आणि कायमची, मॅगझिन खर्ची पडणारी वस्तू. एम-१६ चं पहिलं हलकं ॲल्युमिनियमचं मॅगझिन याच विचाराने बनलं होतं. ते सैन्यात पुढे वर्षानुवर्षं वापरलं गेलं आणि तक्रारी तिथून सुरू झाल्या, ही गोष्ट वेगळी. मॅगझिनच्या क्षमतेबाबतचे कायदे देशागणिक आणि कधी राज्यागणिक बदलतात, तेव्हा बदली मॅगझिन घेण्याआधी आपल्याकडे काय चालतं हे तपासून घ्या.

बाद ठरलेलं मॅगझिन नुसतं कपाटात टाकलं की सहा महिन्यांनी तेच हाताला लागतं. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी लाल फुली मारा. लिप्स तुटलेल्या असतील तर पक्कडीने चेपून कायमचं निकामी करा, म्हणजे ते रेंजवर कुणा नवख्याच्या हातात जाणार नाही. जे फक्त अधूनमधून अडकतं, ते मी ठेवतो. लाल फुलीसकट, फक्त डमी राउंडसाठी. नवीन माणसाला जाम कसा दिसतो आणि तो नीट कसा सोडवायचा हे शिकवायला त्याच्याइतकं चांगलं साधन मला मिळालेलं नाही. वेल्डिंगच्या थेंबाचं ते जुनं मॅगझिन अजून माझ्याकडे आहे. थेंब घासून काढता आला असता, पण मी तसाच ठेवलाय, कारण अकराव्या-बाराव्या राउंडला ते आजही अडकतं आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.